मदत हवी आहे: कोल्हापूर–तिरुपती विमानाला नक्की किती वेळ?

राजारामपुरी_आठवी: कोल्हापूर ते तिरुपती विमानाने अंतर किती, वेळ किती? एक साइट ६५५ किमी म्हणते, दुसरी ८६० च्या पुढे. वेळेचा तर मेळच नाही. लवकर सांगा, तिकीट आजच काढायचंय.

मिरज_जंक्शन: विमान कशाला? हरिप्रिया आहे की. दुपारच्या सुमारास कोल्हापुरात बसायचं, बेळगाव, हुबळी, गुंटकल करत सकाळी तिरुपती. भाकरी-ठेचा बांधून घ्या.

राजारामपुरी_आठवी: रेल्वेचं विचारलेलं नाही.

उजळाईवाडीकर: थेट विमान बघताय की हैदराबादवरनं? तारीख कुठली? थेट रोज असेलच असं नाही.

राजारामपुरी_आठवी: ते बघतो मी. अंतर सांगा.

पन्हाळा_रोड: दोन्ही आकडे बरोबर आहेत. आपला उजळाईवाडी विमानतळ ते तिरुपतीचा रेणिगुंटा विमानतळ सरळ रेषेत ६५५. हैदराबादवरनं गेलात तर आधी ४४५, मग तिथनं ४२० च्या आसपास. करा बेरीज.

रंकाळ्याचा_वारा: विमान काय पट्टी ठेवून उडतं होय? त्याला ठरलेले मार्ग असतात. ६५५ कागदावर.

पन्हाळा_रोड: पडू दे की थोडं जास्त, त्यानं काय दोन तास वाढत नाहीत. खरा फरक विमान कुठलं त्याचा. पंख्याचं एटीआर ताशी ५०० च्या जरा वर, एम्ब्रेअर जेट ८०० च्या घरात. म्हणजे हवेत एटीआरला साधारण दीड तास, जेटला तास-सव्वा तास. वेळापत्रकात त्याहून जास्त दिसतं, कारण धावपट्टीपर्यंत जाणं-येणं त्यात धरतात.

रंकाळ्याचा_वारा: एटीआरला दीड तासात कुणी पोचवत नाही.

पन्हाळा_रोड: हवेत म्हटलंय. नीट वाचा भाऊ.

राजारामपुरी_आठवी: बरं, १२ ला उतरलो तर ३ चं दर्शन गाठता येईल ना? ३०० वालं तिकीट काढलंय.

उजळाईवाडीकर: हे आधी सांगायचं! रेणिगुंट्याहून तिरुपती गाव १५ किमी, पुढं अलिपिरीला गाडीची तपासणी, मग घाट. वर सामान-मोबाईल जमा करायचे ते वेगळंच. विमान अर्धा तास लेट झालं की संपलं. आदल्या दिवशी पोचा.

गंगावेस_तालीम: अलिपिरीहून चालतच चढा, ३५५० पायऱ्या. पुण्य त्यातच हाय.

राजारामपुरी_आठवी: आई सत्तरीची आहे, गुडघे गेलेत. म्हणून तर विमान.

उजळाईवाडीकर: मग तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. एटीआरला जिना लागतो, तो कसा चढवणार तेही तेव्हाच विचारा. हैदराबादचा मार्ग आईंसाठी नको, मधला थांबा लांबला तर बसून हाल.

मिरज_जंक्शन: हरिप्रियात खालचा बर्थ मिळतो. झोपून जातील.

गंगावेस_तालीम: नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, त्याला कुणी विचारत नाही किती तास लागले!

राजारामपुरी_आठवी: आदल्या दिवशीचं थेट मिळतंय. पण एटीआर की जेट, हे तिकिटावर कुठं दिसतं?

पन्हाळा_रोड: फ्लाइट नंबरच्या खाली 'डिटेल्स' उघडा, विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

शाहूपुरी_वाला: इथंच विचारतो, कोल्हापूर–नागपूर विमान कोणत्या वारी असतं?

उजळाईवाडीकर: नवा धागा काढा. आणि तारीख लिहा.