बुलेट ट्रेन: आधी लोकलचं बघायला नको का?

विरार_फास्ट:
साबरमतीला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली १४ सप्टेंबर २०१७ला. पंधरा दिवसांनी, २९ तारखेला, एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. खर्चाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी. आणि विरार-डहाणूची तिसरी-चौथी लाइन? रखडतच आली आहे. लोकल बाजूला काढून मेल सोडतात. माझं मत: आधी लोकल.

ठाणेकर:
साहेब, हा पैसा एका खिशातला नाही. सुमारे ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. ते याच गाडीसाठी मिळालंय, पूल बांधायला वळवता येत नाही. शिंकान्सेन, म्हणजे स्वतःची बुलेट ट्रेन, बांधताना जपाननेही १९६१मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर घेतलेच होते.

विरार_फास्ट:
कर्ज येनमध्ये, कमाई रुपयात. येन वधारला की त्या ०.१चं कौतुक संपलं. शिवाय महाराष्ट्राच्या वाट्याचे ५ हजार कोटी आहेत, ते कोणाच्या खिशातले?

बोईसरची_पोर:
५०८ किलोमीटरपैकी महाराष्ट्रात जेमतेम १५६. १२ पैकी ४ स्थानकं: बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर. जमिनी आमच्या पालघरच्या गावांच्या गेल्या. आम्हाला रोज अंधेरी-चर्चगेट गाठायचंय, अहमदाबादला काय काम? (मुंबईकरांनो, डहाणू लोकल वाढवा म्हणून तुम्हीही कधी ओरडला नाहीत, हेही लिहून ठेवते.)

घाटवाला:
मला वेगवान रेल्वे हवी, पण पुण्याला. अंतर १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन १९३०पासून धावतेय, अजूनही तीन तासांच्या वर लागतात. कर्जत-लोणावळा चढताना गाड्यांना मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लावावे लागतात. तिथे पैसे घाला की!

ठाणेकर:
घाटवाले, ३२०च्या वेगाला रूळ जवळजवळ सरळ लागतो. सह्याद्रीत म्हणजे बोगद्यामागून बोगदा. बीकेसी ते शिळफाटा हा एकच बोगदा २१ किलोमीटरचा, त्यातले ७ ठाणे खाडीखाली. त्यावरून घाटातला हिशेब मांडा. उलट अहमदाबादला वंदे भारत साडेपाच तासांच्या आसपास घेते. तिथे दोन-तीन तासांत पोचवलं तर विमानाचा प्रवासी रेल्वेत येईल.

विरार_फास्ट:
विमानाचा प्रवासी, हेच तर मी म्हणतोय. तिकीट विमानाच्या जवळपास ठेवलं तर आमच्यातला कोण चढणार, आणि स्वस्त ठेवलं तर कर्ज कशातून फेडणार? ठाणेकर, यातलं एक काहीतरी निवडा.