उत्तर: जळाऊ लाकडाच्या जुड्या

गोव्यात गावोगावी लाकूड फुकट पडलेलं असताना पाच किलोच्या जुडीला पैसे मोजणं म्हणजे लूट, असं एकाने म्हटलंय. अर्धंच पटतं. पडलेलं लाकूड फोडून, रचून, उन्हावाऱ्यात काही महिने सुकवायला जागा नि मेहनत लागते, पैसे त्याचे. पणजीत फ्लॅटमध्ये राहणारा बार्बेक्यूसाठी ते कुठे सुकवणार?

लूट होते ती ओल्या लाकडात. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे किलोच्या भावाने पाणीच विकत घेतलं, वर डोळे चुरचुरवणारा धूर फुकट! घेताना दोन फोडी एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर सुक्या, बद्द आवाज आला तर परत ठेवा. टोकाला चिरा आहेत का, साल सुटतेय का, तेही बघा.

विकणाऱ्यांनो, ते घट्ट प्लास्टिक सोडा हो. आपल्या पावसात आत घाम धरतो आणि आठवड्याभरात बुरशी. कांद्याची जाळीदार पिशवी उत्तम. पाकीटबंद माल म्हटला की निव्वळ वजन आणि एमआरपी छापणं कायद्यानेच आलं. आणि झाड तोडणार असाल तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, स्वतःच्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं असलं तरी. साठा मात्र मार्चच्या आधी करून ठेवा. एकदा काजूची फेणी गाळायच्या भट्ट्या पेटल्या की सुकं लाकूड तिकडेच जातं.