'माऊन' म्हणजे जकात, की शेजाऱ्याला दिलेला गंज?

धागाकर्ता, मोमिनपुरा

कुरआनातील १०७ वी सूरा (अध्याय) 'अल-माऊन' सात छोट्या आयतींची, म्हणजे वचनांची, आहे. ती लहानपणीच पाठ होत असल्याने माझ्यासारख्या अनेकांनी अर्थाकडे न पाहता ती वर्षानुवर्षे म्हटलेली आहे. तिचा आशय असा: न्यायाच्या दिवसाला खोटे ठरवणारा माणूस तू पाहिलास का? तोच तो, जो अनाथाला धक्के मारून हाकलतो आणि गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह धरत नाही. तेव्हा विनाश आहे अशा नमाजींचा, जे आपल्या नमाजीविषयी बेफिकीर असतात, जे दिखावा करतात आणि 'माऊन' द्यायला नकार देतात.

ज्या शब्दावरून सूरेला नाव पडले, तो हा शेवटचा शब्द कुरआनात दुसरीकडे कुठेही येत नाही. प्रेषितांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी त्याचा अर्थ कुऱ्हाड, हंडी, बादली अशा, लोक एकमेकांना वापरायला देतात त्या वस्तू, असा सांगितल्याचे जुन्या तफसीरींत, म्हणजे कुरआनावरील भाष्यांत, नोंदलेले आहे. आमच्या दादीकडे पितळेचा एक मोठा गंज, म्हणजे स्वयंपाकाचे पातेले, होता. गल्लीत कुणाकडे लग्न किंवा अकीका (मूल जन्मल्यानंतरचा विधी) असला की तो सकाळीच घराबाहेर पडे आणि रात्री उशिरा, बुडाला काजळी घेऊन परत येई. नमाजी माणसाची परीक्षा ही सूरा शेवटी अशा गंजापाशी आणून ठेवते, असे मला वाटते.

अरबीचा विद्यार्थी, जाफरनगर

गंजाची आठवण सुरेख आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. आपण इब्न मसऊद यांचे मत दिले आणि हजरत अली व अब्दुल्ला इब्न उमर या प्रेषितांच्या सहकाऱ्यांच्या नावावर नोंदलेले मत सोडून दिले. त्यांच्या मते 'माऊन' म्हणजे जकात, अर्थात मालमत्तेतून दरवर्षी द्यायचे बंधनकारक दान. कुरआनात नमाज आणि जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो, त्यामुळे नमाजीच्या उल्लेखानंतर जकात येणे स्वाभाविक आहे. शिवाय ज्या शब्दाने विनाशाची ताकीद दिली जाते, तो शब्द कुणी बादली दिली नाही म्हणून वापरला जाईल, हे प्रमाणाला धरून वाटत नाही.

दुसरे असे की मूळ शब्द 'अन सलातिहिम' (नमाजीपासून) आहेत, 'फी सलातिहिम' (नमाजीत) नव्हेत. 'फी' असते, तर नमाज पढताना चित्त विचलित होणे दोषास्पद ठरले असते आणि मग कोण सुटला असता? 'अन' असल्यामुळे दोष आहे तो नमाजीकडेच पाठ फिरवण्याचा, वेळ टळू देण्याचा. म्हणजे ताकीद नमाजीविषयी आहे. तिला शेजारधर्माचा धडा करून टाकले, की नमाज मागच्या दाराने बाहेर जाते.

निवृत्त शिक्षिका, महाल

मी मुसलमान नाही आणि अनुवादावरून वाचते, म्हणून जपून लिहिते. आपण दोघेही शेवटच्या शब्दावर अडून बसलात आणि तिसरी आयत तशीच राहिली. तिथे 'जेवू घालत नाही' असे नाही, 'जेवू घालण्याचा आग्रह धरत नाही' असे आहे. ज्याच्या स्वतःच्या चुलीवर काही नाही, त्यालाही यातून सूट नाही, कारण दुसऱ्याला सांगणे त्याच्या हाती असतेच. प्रेषित मुहम्मद यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वी वारले आणि आई त्यांच्या सहाव्या वर्षी, हे ध्यानात ठेवून दुसरी आयत वाचली, तर 'धक्के मारून' हे शब्द वेगळेच ऐकू येतात.

इतिहासाचा वाचक, सदर

या सूरेचा पूर्वार्ध मक्केतील आणि उत्तरार्ध मदिनेतील, असे एक मत जुन्या भाष्यकारांतही आहे आणि मला ते पटते. मक्केत मुसलमान होणे म्हणजे छळ ओढवून घेणे होते, तिथे लोकांना दाखवण्यासाठी नमाज कोण पढेल? मदिनेत मात्र सत्ता आली आणि तिच्यासोबत मुनाफिक, म्हणजे वरवर मुसलमान म्हणवणारे ढोंगी, आले. चौथ्या सूरेच्या १४२ व्या आयतीत, आळसाने नमाजीला उभे राहणारे आणि लोकांना दाखवणारे म्हणून त्यांचेच वर्णन आहे. तेव्हा अनाथाला हाकलणारा एक आणि दिखाऊ नमाजी दुसरा. दोघांना एका दोरीत ओवण्याचा अट्टहास नको.

धागाकर्ता, मोमिनपुरा

दोरी मी आणलेली नाही, ती मूळ वाक्यातच आहे. चौथी आयत 'फ' या अव्ययाने सुरू होते, म्हणजे 'तेव्हा', 'म्हणून'. दोन तुकडे दोन काळांतले असले, तरी आज ते या 'फ'ने बांधलेले आहेत आणि वाचणाऱ्याला ते एकत्रच वाचावे लागतात. नमाज बाहेर गेली, हा आरोपही मला लागू नाही. नमाजीकडे पाठ फिरवणारा आणि अनाथाला हाकलणारा माणूस सूरेने एकच मानला आहे, एवढेच मी म्हणतो. दिखाव्याचे म्हणाल, तर इबादतीच्या जागी छताला लावलेल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगवलेले मी पाहिले आहे. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, हा भाग वेगळा.

अरबीचा विद्यार्थी, जाफरनगर

आपल्या दादीच्या गंजावर नाव नव्हते काय?

धागाकर्ता, मोमिनपुरा

होते, काठावर आजोबांचे नाव कोरलेले होते. पण ते गंज घरी परत यावा म्हणून होते. दहा घरची भांडी एका अंगणात घासली जात, तिथे नाव नसते तर आमचा गंज दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा आमच्याकडे राहिला असता.

अरबीचा विद्यार्थी, जाफरनगर

हे उत्तर मान्य. माझ्या बाजूने एक भर घालतो, जी कदाचित आपल्यालाच अधिक आवडेल. प्रेषितांचे सहकारी इब्न अब्बास यांचे शिष्य इक्रिमा यांचे म्हणणे असे नोंदले आहे, की माऊनचे शिखर म्हणजे मालाची जकात आणि तळ म्हणजे चाळणी, बादली आणि सुई. तळ मी नाकारत नाही. मात्र वर्षाची जकात हिशेबाने न काढता शेजाऱ्याला चाळणी दिल्याच्या समाधानात राहणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत, आणि आपल्या अर्थाने त्यांची सोय होते, ही माझी तक्रार कायम आहे.

निवृत्त शिक्षिका, महाल

उलट बाजूचेही पाहण्यात आहेत. मे महिन्यात कूलर बसवायला वरच्या मजल्यावरून शिडी मागितली, तर 'ती दुसऱ्या घरी नेली आहे' असे सांगण्यात आले. ती जिन्यात उभी होती. त्या घरून दानधर्म पुष्कळ होतो, त्याच्या पावत्याही असतात. आता तर बिछायत केंद्रातून सगळेच भाड्याने येते, त्यामुळे मागण्याची वेळच कमी येते. आपला गंज आहे कुठे?

धागाकर्ता, मोमिनपुरा

माळ्यावर आहे. कल्हई उडालेली आहे, त्यामुळे तूर्त कुणी मागितला तरी त्यात शिजवता येणार नाही.