मदत हवी आहे: ऑक्सिजन काँसन्ट्रेटरची शुद्धता घसरतेय, सिव्ह बेड (नायट्रोजन अडवणाऱ्या झिओलाइट दाण्यांची नळकांडी) की कॉम्प्रेसर?

सोलापुरात, जुळे सोलापूरच्या बाजूला, मिनिटाला ५ लिटरचा घरगुती काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) आहे. अ‍ॅनालायझरवर २ लिटरला ९३ टक्के दिसतात, ५ लिटरला मात्र ८४च. मागचा स्पंज फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवला, आतला इनटेक फिल्टर नवीन टाकला. मोजणी ह्युमिडिफायरची बाटली काढून थेट आउटलेटवर केली, कारण झाकणाचा आटा नीट बसला नाही तर तिथूनच गळती होते. नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत.

आता प्रश्न. कॉम्प्रेसर थकला असेल तर दाब हळू चढायला हवा; झिओलाइटने ओल धरली असेल तर दाब असूनही नायट्रोजन अडत नाही. आतल्या टाकीवर गेज लावून हे तपासणारा कारागीर सोलापुरात कुणाच्या माहितीत आहे का? एक जण फक्त दाणे बदलून देतो म्हणतो. उघड्यावर भरलेले दाणे हवेतली ओल शोषतात, म्हणून मला सीलबंद बेडच बरा वाटतो. कुणी दाणे भरून घेतले असतील तर शुद्धता किती दिवस टिकली?

खोली उन्हाळ्यात चाळिशीपार जाते आणि बऱ्याच यंत्रांची मर्यादा ३५ ते ४० अंशच असते, तेव्हा कूलरची दमट हवा यंत्रावर न येता खोली थंड कशी ठेवता?

आणि कृपया "ओझोन जनरेटर जोडा" सुचवू नका. ओझोन फुफ्फुसाला इजा करतो, रबरी नळ्याही तडकवतो. रुग्णाची लिटर-मात्रा डॉक्टरांनीच ठरवली आहे, ती बदलायची नाही.