पुराच्या मदतीत सलाईन वर, ओआरएस खाली? यादीच उलटी आहे

दूधगंगाकाठ:
पावसाळा तोंडावर आला की निपाणी-चिकोडीकडची मंडळं मदतसाहित्याची यादी फिरवतात. यंदाची यादी अशी: सलाईन 200 बाटल्या, दूध पावडर, बिस्किटं, जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि शेवटी 'जमल्यास ओआरएस', म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी. माझा याला विरोध आहे. कॉलऱ्यासारख्या जुलाबात 50 किलोचा माणूस पार कोरडा पडला, तर त्याला तीन तासांत 5 लिटर सलाईन द्यावं लागतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या 10 बाटल्या. 200 बाटल्यांत 20 माणसं झाली. शिवाय प्रत्येकाची शीर शोधणारा माणूस हवा. मध्यम कोरडेपणाला चार तासांत 75 मिली प्रति किलो ओआरएस पुरतं, आणि ते घरची आईही चमच्याने पाजते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांखाली आले.

कणकुंबी घाट:
बनगाव दरवेळी पुढे करू नका साहेब. बेशुद्ध, नाडी न लागणाऱ्या माणसाच्या तोंडात ओआरएस ओतलं तर ते फुप्फुसात जाईल. त्याला शिरेतूनच द्यायला हवं: मोठ्या माणसाला 30 मिली प्रति किलो अर्ध्या तासात, उरलेलं 70 अडीच तासांत. वर्षाच्या आतल्या बाळाला तेच अनुक्रमे एक आणि पाच तासांत. खरी चूक वेगळीच आहे. यादीत नुसतं 'सलाईन' लिहिलंय. देणगीदार दुकानात जे मिळेल ते आणणार, त्यात 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे नुसतं साखरेचं पाणी निघणार. त्यात सोडियम नाही, कॉलऱ्याला ते निरुपयोगी. 'रिंगर लॅक्टेट' (आरएल, सोडियम-पोटॅशियम असलेलं सलाईन) असंच लिहा.

दूधगंगाकाठ:
हे मान्य. तरी 40 बाटल्या आरएल आणि 1000 पुड्या ओआरएस, असंच प्रमाण हवं. आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या काढून टाका. लहान मुलांना त्या घातक आहेत. त्याऐवजी झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस.

अंगणवाडी कट्टा:
तुम्ही दोघंही धडधाकट रुग्णाबद्दल बोलताय. खानापूरच्या जंगलातल्या गावांत पावसात वाट तुटते, तिथल्या कुपोषित मुलाचं काय? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर) 11.5 सेंमीच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर अंगठा दाबला की खड्डा राहतो, तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याची चामडी आधीच सैल, डोळे आधीच खोल. कोरडेपणा आहे त्याहून जास्त वाटतो आणि हौशी माणूस धडाधड पाणी चढवतो. शरीरात सोडियम साठलेलं, पोटॅशियम कमी, हृदय दुबळं. मूल पाण्याच्या भारानेच जातं. अशा मुलाला रिसोमल (कुपोषितांसाठीचं, कमी सोडियम आणि जास्त पोटॅशियमचं ओआरएस), 5 मिली प्रति किलो दर अर्ध्या तासाने, पहिले दोन तास. श्वास मिनिटाला 5 ने आणि नाडी 25 ने वाढली की थांबायचं.

कणकुंबी घाट:
मग स्वयंसेवकांनी हातच लावू नये. उचला आणि पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवा.

अंगणवाडी कट्टा:
पोचवायला रस्ता हवा ना वो! सहा किलोचं मूल वाटेतच साखर उतरून थंड पडेल. निघण्याआधी 50 मिली पाण्यात चमचाभर साखर पाजा, आईच्या अंगाशी धरून डोक्यासकट गुंडाळा. एवढं कुणीही शिकू शकतं. पुढचं एफ-75 (तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला द्यायचं उपचाराचं दूध) मात्र केंद्रातच: 130 मिली प्रति किलो दिवसाला, म्हणजे 780 मिली, दर दोन तासांनी 65.

दूधगंगाकाठ:
रिसोमल मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. आणि भाताच्या पेजेसारखे धो-धो जुलाब असले, कॉलऱ्याचा संशय आला, तर या मुलालाही साधं ओआरएसच द्यायचं असतं. कारण सोडियम भराभर वाहून जातं. म्हणजे एकच पुडी, दोन नियम. गाव पातळीवर हे गोंधळाचं आहे, खरंच. पण त्यासाठी शिकवणी ठेवावी, पुडी लपवू नये.

कोगनोळी नाका:
वाहतुकीचं मी सांगतो. डिसेंबर 2022 मध्ये सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, एसटी बंद पडली. अशा वेळी 'सीमेपलीकडे मिरजेला हलवू' ही योजना धरून बसू नका, बेळगावचा पर्याय आधी ठरवा. गाडीवर लाल क्रॉस रंगवू का, असं कुणीतरी विचारलं होतं. नका रंगवू, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने परवानगीशिवाय ते चिन्ह वापरता येत नाही. डॉक्टरमंडळीही सर्रास लावतात, ती गोष्ट वेगळी.

कणकुंबी घाट:
विहिरीचा विचार कुणीच केला नाही. तीन मीटर व्यास, तीन मीटर पाणी म्हणजे 21 हजार लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर 53 ग्रॅम. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून तासाभराने क्लोरोस्कोपने (क्लोरीन मोजायच्या साधनाने) लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरलंय का बघा, नसेल तर परत टाका. पावडर बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणीच विहिरीत सोडा, खालचा चुना नको. आणि ओलसर पोत्यातली पावडर नको, तिचं क्लोरीन उडालेलं असतं.

अंगणवाडी कट्टा:
दूध पावडर अजून यादीत आहे. पुराच्या पाण्यात कालवून बाटलीने पाजली की नवे जुलाब सुरू. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध. ती काढा आणि त्या पैशांत दंडघेराच्या पट्ट्या घ्या. कोण मोजणार ते आज ठरवा.