ड्रॅग आवळून सुरमई येत नाही

मालवणचा गरीवाला: परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "५० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) घ्या, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) फुल्ल आवळा, सुरमई येणारच. हातदोरीचे दिवस गेले." दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही. ब्रेड ताणत नाही बाबा! सुरमई पहिली धाव घेते तेव्हा तो झटका जिरणार कुठे? गरी सरळ होते, नाहीतर जबडा फाटून मासा जातो. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ड्रॅग, म्हणजे ५० पौंडाला १२ ते १६. तोसुद्धा वजनकाटा लावून मोजायचा, होडीत चढायच्या आधी. तंगूस (नायलॉनची) दोरी ताणते म्हणून आमच्या बापाने जन्मभर तिच्यावर मासे काढले.

रीळवाला पुणेकर: तो 'एक' मीच. बरं, १६. झालं समाधान? पण गोब्रा (तळाच्या खडकांतला मासा) लागल्यावर हेच सांगा. पहिल्या दोन हातांत वर उचलला नाही तर खडपात शिरतो, मग ओढत बसा. तिथे ड्रॅग आवळावाच लागतो. आणि हाताला ड्रॅग नसतो.

मालवणचा गरीवाला: बोटं हाच ड्रॅग. तुका काय कळता?

देवगडची सून: बोटांचं मी सांगते. सासऱ्यांनी दोरी बोटाला गुंडाळली होती, कुप्याने (टुनाने) खेचली, पेर गेलं. अजून भाताचा घास नीट धरता येत नाही. कौतुक करा, पण हातमोजे घालून. शिवाय तारेच्या लीडरचं (गरीजवळच्या तुकड्याचं) कोणीच बोलत नाही. सुरमईचे दात नायलॉन कचकन कापतात.

रीळवाला पुणेकर: तार दिसली की कुपा फिरकत नाही, त्याची नजर तिखट. तसंही मी फोटो काढून मासा सोडतो.

मालवणचा गरीवाला: सोडतो?? हजारोंचं डिझेल जाळून? मेल्या, घरी वडे तळून वाट बघतात!

देवगडची सून: वड्यांचं राहू दे. खोल पाण्यातला गोब्रा वर येईपर्यंत त्याची हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर. सोडलेला उताणा तरंगतो. हे कसलं पुण्य?

रीळवाला पुणेकर: शिसं लावून परत तळापर्यंत नेता येतो, तसंच करतो. सुरमईला ती पिशवीच नसते. ती मरते दमून. म्हणून तर जाड ब्रेड, लवकर वर घ्यायला!

मालवणचा गरीवाला: म्हणजे आधी दमवायची नाही म्हणून आवळायचा, मग सोडायची. त्यापेक्षा घरी बसून टीव्ही बघ, सुरमईला अजिबात त्रास नाही. गोब्र्याला रीळ बरं, एवढं लिहून देतो. सुरमईला नाही.

देवगडची सून: आणि हातमोजे?

मालवणचा गरीवाला: घालतो, वहिनी. गेल्या वर्षीपासून घालतो. इथे सांगायचं नव्हतं.

नवशिका ठाणेकर: मग मी घेऊ काय? दिवाळीत मालवणला येतोय.

रीळवाला पुणेकर: खायला येतोयस की सोडायला?