सुरिनाम: १८६३ नंतरची १० वर्षं
वर कोणीतरी लिहिलंय की सुरिनाममधली (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) गुलामगिरी १८६३ ला संपली, त्यात थोडी भर. १ जुलै १८६३ ला कायदा लागू झाला खरा, पण बहुतेकांना पुढची १० वर्षं सरकारी देखरेखीखाली कंत्राटी मजुरी सक्तीची होती, म्हणजे खरी सुटका १८७३ ला. आणि नुकसानभरपाई कोणाला तर मालकांना, माणशी ३०० गिल्डर (डच चलन)! राबलेल्यांना छदामही नाही, फार संताप येतो हे वाचून. त्याच १८७३ च्या जूनमध्ये कलकत्त्याहून लल्ला रूख जहाज भारतीय मजूर घेऊन सुरिनामची राजधानी पारामारिबोला पोचलं, कारण मळ्यांवर राबायला माणसं हवीच होती. आणि गुलामगिरीतून जंगलात पळून गेलेल्या मरून लोकांबद्दलही लिहा कोणीतरी, त्यातल्या एनड्युका गटाने १७६० मध्येच डचांना तह करायला लावला होता.